सोबत: ऑइलचा थेंब एक

कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर चार वर्षं काढली की माणसाला कशाचंच नवल वाटेनासं होतं. बदलीच्या अर्जाला जोडलेली जन्मपत्रिका मी नोंदवली आहे. रजेच्या अर्जासोबत आलेला सासूच्या गुडघ्याचा एक्स-रेही नोंदवला आहे. पण त्र्याण्णवच्या सुमारास आमच्या जीपच्या ड्रायव्हरने जो कागद माझ्यापुढे ठेवला, तो वाचून मी पेन खाली ठेवलं. मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: "मा. साहेबांच्या सेवेशी. विषय: जीपचे ऑइल मेलेबाबत." खाली तीन ओळींचा मजकूर, सही, आणि शेवटी, "सोबत: ऑइलचा थेंब एक."

थेंब खरोखरच होता. टीपकागदाच्या चौकोनी तुकड्यावर, मधोमध, काळाकुट्ट.

"नाना, हे मी कुठे नोंदवू?"

"आवकला. बाहेरून आत आलाय ना? मंग आवक."

हे दगूनाना. नांदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. शिक्षण सातवी, उंची बेताची, मिशी पांढरी आणि डाव्या बाजूला जरा जास्तच लांब. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट कायमचं काळं. जेवणाच्या सुट्टीत ते दोन्ही बोटं राखेने घासून मगच डबा उघडत, पण रंग काही जात नसे. आमचं खातं आरोग्याचं. नाशकात कचेरी आणि काम सगळं पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर. लशींचे डबे, औषधं, नर्सबाई आणि वेळ पडली तर पेशंट, हे सगळं वाहायला एक डिझेल जीप होती. ती नानांच्या ताब्यात होती. नाना मात्र म्हणायचे, मीच तिच्या ताब्यात आहे.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. आमच्याकडे गाडीचं ऑइल वर्षातून एकदा, मार्च महिन्यात बदलत. मार्च आला की सगळं खातं खडबडून जागं होई. खुर्च्या यायच्या, पडदे यायचे, आणि त्याच झपाट्यात जीपच्या पोटात नवं ऑइल पडायचं. मग गाडी वर्षभरात आठ हजार किलोमीटर चालो की बावीस हजार, पुढच्या मार्चपर्यंत कुणी नाव काढायचं नाही. मध्येच ऑइल कमी झालं तर स्टोअरमधून लिटरभर घेऊन वरून ओतायचं. याला आमच्याकडे "लेव्हल करणे" म्हणत.

"शिळ्या वरणात ताजं पाणी!" नाना कडाडायचे. "पातेलं भरतं भाऊसाहेब, पण वरण ताजं होतं का?"

हे सगळं ते एवढ्या पोटतिडकीने का बोलत, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. हा माणूस जरा चक्रम आहे, असं मी सरळ धरून चाललो होतो. एकदा चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं, आणि पुन्हा कधीही सांगितलं नाही. आधीच्या नेमणुकीत त्यांच्याकडे दुसरी जीप होती. तिचं ऑइल चौदा महिने बदललं नव्हतं, कारण मंजुरीचा कागद कुठेतरी अडकला होता. साप चावलेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन ते पेठकडून निघाले आणि सावळ घाटात इंजिन जागच्या जागी धरलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत म्हातारा त्यांच्या मांडीवर गेला.

"कागदावर लिव्हलं, इंजिन जाम झाल्याने गाडी बंद पडली," नाना म्हणाले. "माणूस गेल्याचं ऑइलच्या फायलीत कुनी लिव्हलं नाय. तवा ठरवलं, माझ्या हातची गाडी घाटात इंजिनापायी मरनार नाय. लोकं हासू द्या."

लोक हसायचेच. मीही हसायचो, आज सांगायला लाज वाटते.

गाडी चालू केली की अर्धा मिनिट नाना हलायचे नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. त्या अर्ध्या मिनिटात गाडीत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा मोठे साहेब मागून म्हणाले, "चला ना, निघायचं नाही का?" नानांनी ते काळं बोट वर केलं. "ऑइल चढतंय साहेब." इतकी वर्षं नोकरी झाली, पण साहेबाला बोट दाखवून गप्प करणारा ड्रायव्हर मी पुन्हा पाहिला नाही.

तर तो थेंब. मी टिपणी लिहून फाईल वर पाठवली. तीन दिवसांनी फाईल परत आली तेव्हा थेंब खालच्या सगळ्या कागदांत उतरला होता. माझ्या टिपणीवर डाग, अधीक्षकांच्या शेऱ्यावर डाग, साहेबांच्या सहीखाली डाग. साहेबांनी नानांना बोलावलं, मलाही सोबत.

"हा काय प्रकार आहे?"

नाना टेबलापाशी गेले. "साहेब, चांगल्या ऑइलचा थेंब कागदावर पसरतो. मधी काळं, मंग भुरं, कडंला पिवळं, असं गोल गोल. ह्यो बगा. ह्यो जागीच बसलाय. काजळी धरून ठेवायची ताकद गेली त्याची. ह्यो मेला."

"पण ऑइल काळं होतंच ना?"

"काळं व्हायलाच पाहिजे. डिजलचं ऑइल दुसऱ्या दिवशी काळं होतं. काळं झालं म्हंजी काम करतंय. मी कुटं काळं झालं म्हनलो? मी मेलं म्हनलो."

साहेबांनी शेरा मारला, "मार्चमध्ये पाहू." नानांनी पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज दिला. सोबत: ऑइलचा थेंब एक. त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरा. नाना महिना चुकवत नसत आणि साहेबही शेरा बदलत नसत. त्या फाईलला कचेरीत "तेलकट फाईल" असंच नाव पडलं, आणि कपाटात तिच्या शेजारी ठेवलेल्या फायलीही हळूहळू तेलकट व्हायला लागल्या.

दुसरं युद्ध स्टोअरच्या अण्णांशी. अण्णांकडे चाळीस नंबरच्या जाड ऑइलचं एक पिंप होतं. ते कोणत्या साली आलं हे अण्णांनाही सांगता येत नसे. ते संपल्याशिवाय दुसरं येणार नाही, हा अण्णांचा कायदा. नानांना हवं होतं पंधरा-चाळीस.

"नंबर जेवढा मोठा तेवढं ऑइल भारी," अण्णा ठासून सांगायचे. "चाळीस सोडून पंधरा मागतोय, येडा आहे का तू?"

"अण्णा, थंडीत पेठला मुक्काम करून बगा. सकाळी तुमचं चाळीस काकवीवानी बसून ऱ्हातं. वरती चढेपोतर इंजिन कोरडं घासतं. पंधरा-चाळीस सकाळी पंधरावानी पळतं अन् दुपारी घाटात चाळीसवानी टिकतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मानसानंबी पंधरा-चाळीस असावं, भाऊसाहेब. तुमचे साहेब नुसतेच चाळीस."

मला वाटतं हे साहेबांपर्यंत पोचलं असावं, कारण पुढचे दोन अर्ज शेऱ्याविनाच परत आले.

माझीही एकदा चांगलीच हजेरी घेतली त्यांनी. मी तेव्हा एक जुनी छोटी गाडी घेतली होती. रोज सायकलनेच कामावर यायचो आणि गाडी फक्त रविवारी काढायचो, नाशिक रोडहून गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, आणि परत. दोन वर्षं झाली तरी पाच हजार किलोमीटर भरले नव्हते, म्हणून ऑइल बदललं नव्हतं. मी हे जरा अभिमानानेच सांगितलं. मला वाटलं, किलोमीटरचा हिशेब ठेवणारा म्हणून शाबासकी मिळेल.

"दशमी फडक्यात बांधून ठेवली," नाना म्हणाले, "अन् खाल्ली नाय. मंग दोन वर्सांनी ती ताजी ऱ्हाती का?"

"नाही."

"मंग ऑइल कसं ऱ्हाईल? तुमची गाडी तापायच्या आत बंद व्हती. आत घाम धरतो. बदला उद्याच्याला." मी बदललं. न बदलून सांगतो कुणाला!

किलोमीटरच्या बाबतीतही त्यांचं गणित वेगळं. घाटातला एक किलोमीटर सपाटीच्या दोनांबरोबर, असं ते धरत. येवल्याकडे कांद्याच्या शेतांमधून सरळ रस्त्याने गेलेली गाडी आणि पेठच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत गेलेली गाडी, दोघींना मीटर एकच आकडा दाखवतं, म्हणून मीटर खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी एका अर्जात लिहिलंही. अधीक्षकांनी बाजूला लाल शाईने लिहिलं, "मीटर दुरुस्त करून घ्यावे."

शेवटी नानांनी एक गोष्ट केली जी शासकीय नोकराने कधी करू नये. त्यांनी विचारलंच नाही. घरून पंधरा-चाळीसचा डबा आणला आणि कचेरीच्या मागे बाभळीखाली ऑइल बदललं. अण्णांना पत्ता लागला आणि लेखी तक्रार झाली. तक्रार नव्या ऑइलबद्दल नव्हतीच, जुन्याबद्दल होती. काढलेलं जुनं ऑइल ही शासकीय मालमत्ता, ती कुठे आहे? त्यावर फर्मान निघालं की जुनं काळं ऑइल डब्यात भरून स्टोअरमध्ये जमा करायचं आणि पोच घ्यायची. त्या घाणेरड्या ऑइलचं अण्णा काय करणार होते, ते देवालाच ठाऊक.

पण याच फर्मानाने पुढे जे घडवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

अठ्ठ्याण्णवचा श्रावण असेल. नानांनी आदल्या दिवशी, पुन्हा न विचारताच, ऑइल बदललं होतं. अण्णा रजेवर होते, म्हणून जुन्या ऑइलचा पाच लिटरचा डबा जीपमध्येच मागे पडून होता. मी एका तपासणीसाठी नाना आणि नर्सबाईंबरोबर पेठकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथे एक बाळंतीण अडली होती. नर्सबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, इथे होणार नाही, नाशकाला न्यायला हवं, लगेच. बाईला मागे झोपवलं, तिचा नवरा पायाशी बसला आणि आम्ही निघालो. दुपारचे दोन वाजले असतील.

पाड्यावरून सडकेला येताना खालून काहीतरी धाडकन लागलं. दगड असावा. नानांनी मान तिरकी करून ऐकलं आणि गाडी चालवत राहिले. घाट सुरू झाला. अर्धा चढ झाला असेल नसेल, समोर ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकला. मी पाहीपर्यंत विझलाही. नानांनी मात्र तत्क्षणी गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

सावळ घाटात, पेशंट मागे असताना.

बाईचा नवरा ओरडला, "दादा, थांबू नका! चला ना! ती मरंल!" नर्सबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मीही घाबरलो. म्हणालो, "नाना, दिवा विझला की! हळूहळू वरपर्यंत नेऊ. वर गेल्यावर बघू."

नानांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण आवाज चढला नाही. "भाऊसाहेब, आत्ता मी बंद केली तर मी चालू करीन. तिनं बंद केली तर कुनीच चालू करू शकत नाय." आणि ते गाडीखाली शिरले.

तळाचा बोल्ट दगडाने सैल झाला होता. ऑइल सगळ्या रस्त्याने गळत आलं होतं. नानांनी बोल्ट आवळला, बाहेर आले, ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. पट्टी जवळजवळ कोरडी. जवळ नव्या ऑइलचा एक लिटरचा डबा होता, तो ओतला. पट्टीला टोकालासुद्धा लागेना. मग ते मागे गेले, आणि अण्णांसाठी ठेवलेला तो काळ्या ऑइलचा डबा घेऊन आले.

पाच वर्षं ज्या माणसाने मेलेल्या ऑइलविरुद्ध महिन्याला एक अर्ज लिहिला, तो माणूस तो डबा हातात धरून क्षणभर नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमची जाळीची पट्टी द्या."

नर्सबाईंनी बँडेजची जाळी काढून दिली. चार पदरी करून नानांनी ती तोंडावर धरली आणि त्यातून ते ऑइल गाळून इंजिनात ओतलं. सावकाश. मागे बाई कण्हत होती, नवरा रडत होता, मी घड्याळ बघत होतो. नाना मात्र एकही थेंब घाईने ओतेनात. जाळीवर वाळूसारखं काहीतरी जमत होतं. ते बोटाने बाजूला सारत आणि पुन्हा ओतत. ओतून झाल्यावर गाडीत बसले, चालू केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

त्या दिवशी कुणीही त्यांना "चला" म्हणालं नाही. बाईच्या नवऱ्यानेसुद्धा नाही. तो तांबड्या दिव्याकडे बघत होता. दिवा विझला.

साडेचारच्या आत आम्ही मोठ्या दवाखान्यात पोचलो. बाई वाचली आणि मूलही वाचलं. ही बातमी मी धावत नानांना सांगायला आलो तर ते गाडीखाली होते. "बरं झालं," ते खालूनच म्हणाले. मग बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं बोल्ट बघत असतील. नंतर लक्षात आलं की बोल्टाला एवढा वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना बैठकीला जायचं होतं. नानांनी चावी टेबलावर ठेवली.

"साहेब, गाडीत मेलेलं ऑइल हाय. नवं पडल्याबिगर ती हलनार नाय. अन् चालवनार मी हाय."

"नाना, ही शिस्तभंगाची गोष्ट आहे."

"असंल साहेब. नोटीस काढा. पन ऑइल आनायला बी कुनाला तरी धाडा, दोन्ही संगंच होऊ द्या."

साहेब बैठकीला रिक्षाने गेले. आणि नोटीस निघाली. मीच टाईप केली. "जुने ऑइल भांडारात जमा न केल्याबाबत कारणे दाखवा." मी खजील होऊन ती नानांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याच टेबलावर बसून, माझंच पेन घेऊन खुलासा लिहिला. तो मला अजून पाठ आहे: "जुने ऑइल इंजिनात आहे. इंजिन जीपमध्ये आहे. जीप कार्यालयाच्या दारात आहे. सबब जुने ऑइल कार्यालयात जमा आहे. पोच मिळावी."

नर्सबाईंनी आपणहून एक पानभर जबाब लिहून दिला. घाटाबद्दल मीही टिपणी लिहिली. नोकरीत पहिल्यांदाच, कुणी न सांगता. साहेबांनी संध्याकाळपर्यंत फाईल स्वतःजवळ ठेवली. काय विचार केला ते माहीत नाही. तेलकट पानं उलटत बसले होते एवढं शिपायाने सांगितलं. दोन दिवसांनी आदेश निघाला: यापुढे जीपचे ऑइल पंधरा-चाळीस वापरावे, आणि दर पाच हजार किलोमीटर अथवा सहा महिने, यापैकी जे आधी होईल तेव्हा बदलावे, वेगळ्या मंजुरीची आवश्यकता नाही.

मी आदेशाची प्रत नानांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "घाटासाठी तीन हजार पाहिजे व्हतं." आणि तिथल्या तिथे नवा अर्ज लिहायला कागद मागितला.

दोन हजार तीनमध्ये नाना निवृत्त झाले. त्यांच्या हातची जीप घाटात इंजिनापायी कधी मेली नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी हे सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांना बोलायला उभं केलं तर ते नव्या ड्रायव्हरकडे बघून एवढंच म्हणाले, "पट्टी रोज काढ," आणि खाली बसले. पुढे खात्याने भाड्याच्या गाड्या घेतल्या आणि ऑइलचा विषय कायमचा मालकांकडे गेला. नाना गावी गेले. वर्षातून एखादं पोस्टकार्ड यायचं, त्यात पीकपाणी असायचं आणि माझ्या गाडीच्या ऑइलची चौकशी.

मग दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मला कामानिमित्त नांदगावला जायचं होतं. वाट वाकडी करून मी एसटीने त्यांच्या गावी गेलो. नाना खंगले होते, मिशी दोन्ही बाजूंनी सारखीच विरळ झाली होती. ऐकूही कमी येत होतं. आम्ही ओट्यावर बसून शेंगा खाल्ल्या. माझी परतीची गाडी आली तेव्हा ते फाट्यापर्यंत सोडायला आले.

मी एसटीत चढून खिडकीशी बसलो, आणि समोरून एक वऱ्हाडाची जीप आली. आत कोंबलेले वऱ्हाडी, टपावर पोरं, पुढे नवरदेव. मला काही वेगळं ऐकू आलं नाही. पण नानांनी मान तिरकी केली. दुसऱ्या क्षणी ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. जीप करकचून थांबली.

"बंद कर! आधी बंद कर ती!"

"ओ बाबा, बाजूला व्हा! मुहूर्त चुकंल!"

"मुहूर्त दुसरा काढता येतो," नाना ओरडले. "बंद कर म्हनतो ना!"

वऱ्हाडी शिव्या द्यायला लागले. कुणीतरी उतरून त्यांचा दंड धरला. एका बाईने रडका सूर काढला. आमच्या एसटीचा कंडक्टर हसत म्हणाला, "म्हातारं हाललंय वाटतं," आणि त्याने घंटी मारली. गाडी हलली. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो. नाना जागचे हलले नव्हते. दंड धरणाऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते फक्त त्या तरुण ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघत होते, हात तसेच पसरलेले. वळण येईपर्यंत मला दिसत होतं. ड्रायव्हरने एकदा नवरदेवाकडे पाहिलं, एकदा नानांकडे, आणि हात पुढे करून चावी फिरवली.